खाऊसे, खावसे आणि बँकॉकची गल्ली

म्यानमारच्या (ब्रह्मदेशाच्या) नूडल्सच्या पदार्थाबद्दल प्रश्न असा आला आहे: 'खाऊसे' लिहावं की 'खावसे'? आपल्या 'खाऊ'शी त्याचं काही नातं आहे का? आणि ते खाल्लं, खाल्ला की खाल्ली?

'खाऊ'शी नातं शून्य. कानाला सारखं लागतं म्हणून सोयरीक जुळवायची, तर पायाने मळतात म्हणून 'पाव' ही लोणकढीही खरी मानावी लागेल.

लेखनाकडे वळण्याआधी एक तक्रार. 'खावसे नूडल्स' म्हणणं कृपा करून थांबवा. ब्रह्मी, म्हणजे म्यानमारच्या, भाषेत 'खाउस्वे' म्हणजेच नूडल्स. गाईचं गोमूत्र झालं हे. 'खावसे म्हणजे नारळाच्या दुधातली करी' ही समजूत तर त्याहून वाईट. ओन म्हणजे नारळ, नो म्हणजे दूध, आणि त्या पदार्थाचं पूर्ण नाव 'ओन्नो खाउस्वे'. आपल्याकडे लग्नाच्या काउंटरवर नारळ वाडग्यात राहिला, नावातून मात्र गळला. मंडालेत 'खाउस्वे चो' मागितलंत तर परतलेले नूडल्स येतील, आणि 'शान खाउस्वे' मागितलंत तर टोमॅटोत शिजवलेलं चिकन किंवा डुकराचं मांस घातलेले तांदळाचे नूडल्स. त्यात नारळाचा थेंब नाही.

बरं, ओन्नोचा दाटपणाही नारळाचा नाहीच, तो बेसनाचा. अर्धा किलो चिकन, एक लिटर पाणी आणि 400 मिली नारळाचं दूध असेल तर तीन-चार मोठे चमचे बेसन पुरतं. ते गार पाण्यात कालवून मगच ओतायचं, उकळत्या रश्शात कोरडं भुरभुरलं की गुठळ्या ठरलेल्या. पुढे मंद आचेवर वीसेक मिनिटं द्यावीच लागतात, नाहीतर कच्च्या पिठल्याचा वास सुटतो. नारळाचं दूध शेवटी घालायचं आणि खळखळून उकळू द्यायचं नाही, फुटतं. गरम मसाल्याचं इथे काही काम नाही. कांदा, लसूण, आलं, हळद, लाल तिखट आणि माशाचा खारा रस (फिश सॉस) एवढ्यात भागतं.

आता खरी गंमत. ब्रह्मी लिपीत हा शब्द 'खाउक्-स्वे' असा लिहितात. शेवटचा क् उच्चारात गिळला जातो. लहान मूल 'अं-अं' करून औषध नाकारतं तेव्हा मध्ये घसा अडतो ना, तेवढाच तो क्. 'खाउक्' म्हणजे दुमडणे, 'स्वे' म्हणजे ओढणे. म्हणून काही जाणकार सांगतात की कणीक दुमडून ओढतात, झाली व्युत्पत्ती. चिनी हातओढ्या नूडल्सना हे चपखल बसतं, मान्य. पण इतकं चपखल बसतं तिथेच संशय घ्यावा. परका शब्द आला की कान त्यात ओळखीचे शब्द शोधतो आणि लेखणी तेच लिहून ठेवते.

माझा कौल म्यानमारच्या पूर्वेकडच्या शान लोकांच्या 'खाव सोय'ला. ताई कुळातल्या (शान, थाई, लाओ) भाषांत 'खाव' म्हणजे भात, तांदूळ. थाई हॉटेलात आंब्याबरोबर चिकट भात येतो, त्या 'खाव नियाव'मधलाही हाच खाव. आणि 'सोय' म्हणजे चिरणे, बारीक तुकडे करणे. तांदळाच्या वाफवलेल्या पातळ लाद्या, कापून पट्ट्या. लाओसमध्ये खाव सोय आजही तांदळाच्या रुंद पट्ट्यांचंच असतं. उत्तर थायलंडातल्या चियांग माईत तांदूळ जाऊन अंड्याचे गव्हाचे नूडल्स आले, तरी नाव 'चिरलेला भात'च राहिलं. बँकॉकला जाऊन आलेल्यांनी 'सुखुमवित सोई 11' अशा पाट्या पाहिल्या असतील. ती गल्लीही हाच शब्द: मोठा रस्ता चिरून काढलेली फाक. नूडल आणि गल्ली एकाच सुरीखालून निघालेली!

दुमडा-ओढावाल्यांनी एका गोष्टीचं उत्तर द्यावं. ब्रह्मी माणूस स्वतःच्या तांदळाच्या शेवयांना सहसा खाउस्वे म्हणत नाही. त्यांना 'मोउं'ची नावं आहेत: माशाच्या रश्शातल्या शेवयांच्या मोहिंगातला 'मो' तोच, मंडालेच्या जाड शेवयांच्या 'नांजी मोउंती'तलाही तोच. खाउस्वे हे नाव मुख्यतः शान आणि चिनी वळणाच्या नूडल्सना. शब्द शेजाऱ्याकडून आला नसता तर ही वाटणी कशाला झाली असती?

हां, लेखनाचं. 'खाउस्वे' लिहा. 'खावसे' चालेल, 'खाऊसे' नको, पुन्हा कुणीतरी खाऊ काढेल. आणि खाल्लं.