दहा लाखांची बेरीज तिमाहीची असते

एका म्युच्युअल फंड कंपनीतल्या अधिकाऱ्यांचे पत्र आले आहे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. जूनमध्ये बढती मिळून ते ‘डेझिग्नेटेड पर्सन’ झाले, म्हणजे आतली माहिती हाती येऊ शकते म्हणून कंपनीने नेमून ठेवलेल्या यादीतले अधिकारी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांनी ईसॉपमधून (कर्मचाऱ्यांना शेअर देण्याच्या योजनेतून) मिळालेले कंपनीचे शेअर तीनदा विकले: 4 लाख, 3.5 लाख, पुन्हा 4 लाख. या विक्री का कळवल्या नाहीत, असा लेखी जाब कम्प्लायन्स ऑफिसरने (कंपनीत नियमपालन पाहणाऱ्याने) विचारला आहे. ‘एकही विक्री दहा लाखांची नाही, मग कळवायचे काय?’ असे पत्रलेखक विचारतात. याच अर्थाची पत्रे मला वरचेवर येतात.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिच्या 2015 च्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवर शेअरचे व्यवहार) नियमांतला 7(2) वाचा. एक व्यवहार असो की अनेक, एका तिमाहीत मिळून 10 लाखांच्या वर गेले की बाजार चालू असलेल्या दोन दिवसांत कंपनीला कळवायचे. तुमची बेरीज 11.5 लाख. मुदत तिसऱ्या विक्रीपासून सुरू झाली आणि बाजाराच्या दोन दिवसांत संपली. शेअर ईसॉपचे होते म्हणून विक्रीला सूट नाही.

तुमचा बचाव उभा राहील तो एकाच गोष्टीवर. ऑगस्ट 2021 पासून, ज्या कंपन्यांनी अशा अधिकाऱ्यांचे पॅन डिपॉझिटरीकडे (शेअर डिजिटल रूपात सांभाळणाऱ्या संस्थेकडे) नोंदवले आहेत, तिथे विक्री आपोआप बाजाराला कळते. वेगळा कागद देण्याची सक्ती नाही. तिसऱ्या विक्रीच्या दिवशी तुमचा पॅन त्या यादीत होता का? असेल तर खुलासा न दिल्याचा आरोप टिकणे अवघड. नसेल, तर चूक कंपनीचीही आहे, पण तेवढ्याने तुम्ही सुटत नाही. बढतीबरोबर कंपनीच्या आचारसंहितेवर सही केलीत ती न वाचता, हे तुमच्याच पत्रात आहे. फंडाचे अधिकारी स्वतःच्याच कंपनीचे शेअर कधी विकतात, हे लहान गुंतवणूकदार डोळ्यांत तेल घालून पाहतात. त्यांना ते वेळेवर दिसावे म्हणून तर हा नियम आहे.

दंड किती, ते आज सांगता येत नाही. सेबी कायद्याच्या कलम 15अ(ब) प्रमाणे किमान 1 लाख, दिवसागणिक वाढत 1 कोटीपर्यंत; मात्र मिळालेला फायदा, इतरांचे नुकसान आणि चूक वारंवार झाली का, हे पाहिले जाते. विक्रीआधी परवानगी लागत होती का, ते तुमच्या कंपनीच्या संहितेवर अवलंबून. म्युच्युअल फंडाच्या युनिटांबद्दलही विचारलेत, 1 नोव्हेंबर 2024 पासून त्यांच्यासाठी याच नियमांतले वेगळे प्रकरण लागू आहे, दोन्हींची सरमिसळ करू नका.

जाबाचे पत्र तीन आठवडे तुमच्याकडे पडून आहे, याचा मला खरोखर राग आला. उद्याच उत्तर द्या. तिन्ही व्यवहारांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट (दलालाने दिलेल्या व्यवहाराच्या पावत्या) जोडा, पॅन कोणत्या तारखेला नोंदवला ते लेखी मागा. आणि भाव पडला म्हणून शेअर परत घेऊ नका: शेवटच्या विक्रीपासून निदान सहा महिने उलटा व्यवहार चालत नाही.