वारा आज बदलला, प्रवाह कधी बदलतो?

प्रश्न : एखाद्या वर्षी वारे मंदावले, तर सागरी प्रवाह लगेच बदलतात का?

उत्तर : ते अक्षांशावर अवलंबून आहे. विषुववृत्ताजवळ, प्रशांत महासागरात व्यापारी वारे पाणी पश्चिमेकडे रेटतात. इंडोनेशियाजवळची समुद्रपातळी त्यामुळे पेरूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच राहते. वारे ढिले पडले की हा उतार कमी होतो आणि केल्विन लाट (विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकणारी लांबच लांब लाट) दोन-तीन महिन्यांत दक्षिण अमेरिकेचा किनारा गाठते. उताराच्या जोरावर पृष्ठाखालून पूर्वेकडे वाहणारा प्रवाहही मंदावतो. १९८२च्या एल निनोत मध्य प्रशांतात तो काही काळ चक्क नाहीसा झाला होता!

मध्य अक्षांशांत मात्र वाऱ्यातल्या बदलाचा परिणाम रॉस्बी लाटा (पृथ्वीच्या फिरण्यामुळे उमटणाऱ्या लांबच लांब, संथ लाटा) वाहून नेतात, आणि त्या रेंगाळत पश्चिमेकडे सरकतात. कुरोशिओ या जपानजवळून वाहणाऱ्या उबदार प्रवाहाच्या पूर्वेकडील विस्तारात वाऱ्यातला बदल उमटायला तीन-चार वर्षे लागतात. त्यामुळे तिथे त्याच वर्षीचे वारे आणि प्रवाह यांची सांगड घातली, तर संबंध दिसतच नाही.