ते कपाट उघडा

"यजमानांना गालाचा कॅन्सर आहे. तंबाखू वीस वर्षं होती. ऑपरेशन झालं, आता ३३ पैकी २२ शेक (रेडिएशन) झालेत. मी रात्रंदिवस करते, पण ते धड खात नाहीत. काल पेजेची वाटी भिरकावली. सासूबाई म्हणतात, माझ्या हाताला चव नाही. डॉक्टरांनी दुखण्यावर मॉर्फिन दिलंय, पण अफूची सवय लागते म्हणून गोळ्या कपाटातच ठेवल्यात. माणूस इतका चिडका कसा झाला?"

ताई, चिडकेपणाचं नंतर बघू. आधी ते कपाट उघडा.

पेज, चव, चिडणं सगळं लिहिलंत आणि गोळ्या एका ओळीत उरकल्यात. तोंडाला शेक सुरू झाले की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून आतली कातडी सोलवटते. एरवी साधं तोंड आलं तरी आपण आमटीला शिवत नाही. त्यांचं अख्खं तोंड सोललंय आणि तुम्ही समोर वाटी धरून बसलाय. मीही भिरकावली असती.

सवयीची एवढी धास्ती? मग पुडी वीस वर्षं खिशात कशी राहिली? कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. तोंड बरं झालं की डॉक्टरच डोस उतरवत नेतात. अहो, १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध मिळवताना लोकांच्या नाकी नऊ यायचे, २०१४ साली त्यात दुरुस्ती करावी लागली. तुमच्या हातात ते आलं, आणि तुम्ही कपाटात ठेवलंत!

आज शेकाला जाल तेव्हा डॉक्टरांना खरं सांगा: गोळ्या दिल्याच नाहीत, पोटातही काही जात नाही. ओरडले तर ऐकून घ्या. ते सांगतील त्या मापात, त्या वेळेला आजच सुरू करा. गोळी गिळवत नसेल तर विचारल्याशिवाय कुटू नका, काही गोळ्या कुटून चालत नाहीत. मॉर्फिनने हमखास बद्धकोष्ठ होतं, त्याचंही औषध मागून घ्या. फार गुंगी वाटली तर लगेच कळवा.

जेवण गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने. पेज कोमट, मिरची-लिंबू नको. आणि पहिली वाटी सासूबाईंना भरवू द्या. त्यांनाही बघू दे, चव कुठे अडली होती ते.