औट घटकेचे सम्राट?

प्रश्न असा: बायझंटाइन साम्राज्यातल्या (म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्यातल्या) दुर्मीळ सोन्याच्या नाण्यांवर लिहिताना, ती पाडणाऱ्या अल्पकाळच्या राज्यकर्त्यांना ‘औट घटकेचे राजे’ म्हणावं का? आणि नाण्याला ‘मोहर’ चालेल का?

पहिल्याचं उत्तर, सरसकट नको. औट म्हणजे साडेतीन. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, प्राकृत ‘अद्धुट्ठ’, त्यावरून औट. (इंग्रजी ‘आउट’शी काडीचा संबंध नाही, तरी कुणीतरी तो जोडतंच.) जुन्या शाळांतली औटकी म्हणजे साडेतीनचाच पाढा. घटका २४ मिनिटांची, तेव्हा औट घटका झाली ८४ मिनिटं. पण हा वाक्प्रचार वापरताना मिनिटं कोण मोजतो? त्यात टिंगल आहे. कुणीतरी गादीवर बसवलेला, उद्या कुणीतरी उठवणार, असा तो राजा.

तिसरा थिओडोसियस (७१५–७१७) त्यात चपखल बसतो. हा करवसुली करणारा माणूस. बंडखोर सैन्याने त्याला सम्राट करायचं ठरवलं, तर गडी डोंगरात पळाला. शोधून आणून बसवला. पुढे तिसऱ्या लिओने गादी घेतली आणि याची रवानगी धर्मसेवेत झाली. याला खुशाल औट घटकेचा म्हणा.

झोई आणि थिओडोरा या राजघराण्यातल्या बहिणींना मात्र नाही. एप्रिल १०४२ मध्ये सम्राट पाचव्या मायकेलने, म्हणजे झोईच्याच दत्तक मुलाने, तिला मठात धाडलं, तशी राजधानी कॉन्स्टँटिनोपलची रयत उठली. मायकेलचे डोळे काढले गेले, दोघी मिळून गादीवर आल्या. त्यांच्या नाण्यावर एका बाजूला हात उंचावलेली मेरी, छातीवर ख्रिस्ताचं पदक. दुसरीकडे दोघी समोर बघताहेत, मध्ये एकच ध्वजदंड, दोघींनी धरलेला. जूनमध्ये झोईने नववा कॉन्स्टंटाइन नवरा केला, तो सम्राट झाला आणि बहिणींचं संयुक्त राज्य संपलं. टाकसाळीला मिळाले उणेपुरे दोन महिने, म्हणून नाणं दुर्मीळ. पण हक्क वंशाचा आणि पाठीशी सगळं शहर! इथे ‘जेमतेम दोन महिने राज्य केलेल्या’ असं सरळ लिहावं.

‘मोहर’ टाळा. मोगली मोहर सुमारे ११ ग्रॅमची, हे नाणं साडेचार ग्रॅमच्या आसपास. लॅटिनमध्ये सॉलिडस, ग्रीकमध्ये नोमिस्मा. बहिणींच्या काळी राज्यकारभार ग्रीकमध्ये चाले, तेव्हा त्यांच्यासाठी नोमिस्माच.