जंत आईच्या दुधातून आलेत, पण दूध बंद करू नका

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार, आमच्याकडं दोन पंढरपुरी म्हशी आहेत. एकीची पारडी 24 दिवसांची, दोन दिवस झाले मातकट रंगाचं, चिकट, लई घाण वासाचं पातळ हागतीय, पोट डेबरं झालंय, केस राठ झालेत आणि काल शेणात वीतभर लांब पांढरा जंत पडला. पारडीनं अजून गवताला तोंडसुद्धा लावलं नाही, मग जंत आले कुठनं? सासूबाई म्हणतात दूध बाधलं, बंद कर. शेजारचे म्हणतात पोटाला डाग द्या. मागच्या साली एक पारडू असंच गेलं. दुसरीचं रेडकू अडीच महिन्यांचं आहे, त्याला रक्त पडतंय, जंताचं औषध पाजलं तरी फरक नाही. (सांगोला तालुक्यातून एक वाचक)

उत्तर : ताई, डाग अजिबात देऊ नका. जंत आतड्यात, कातडी भाजून त्याला काय होणार, उलट जखम चिघळते.

हा जंत म्हणजे टॉक्सोकारा. म्हशीच्या पोटात चाऱ्या-मातीबरोबर त्याची अंडी जातात, अळ्या तिच्या अंगात गुपचूप दडून बसतात, म्हैस दिसायला ठणठणीत, आणि व्यायच्या सुमारास त्या कासेत उतरतात आणि चिकातून, दुधातून पारडाच्या पोटात जातात. म्हशीला औषध पाजलं तरी दडलेल्या सगळ्या अळ्या मरत नाहीत. म्हणजे सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे, आलं ते दुधातूनच! पण जे यायचं ते बहुतेक पहिल्या आठ-दहा दिवसांतच येऊन गेलं, आता दूध तोडलं तर पारडी जंतानं नाही, उपाशी मरेल. दूध थोडंथोडं, दिवसातून तीन-चार वेळा पाजा.

सगळ्यात आधी पाणी. हगवणीत पारडं मरतात ती जास्त करून अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच सपाट झाली नाही, डोळे खोल गेलेत, कान गार लागतात, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा, सलाईन लागेल. उठून पीत असेल तर मेडिकलमधलं ओआरएसचं पाकीट लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात, दुधात मिसळून नाही, दोन दुधांच्या मध्ये, बाटलीनं. आडव्या पडलेल्या पारडाला नळीनं ओतू नका, ठसका लागून फुफ्फुसात जातं आणि मग न्यूमोनिया.

जंतासाठी पायपेराझिन, पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल चालतं, पण डोस वजनावर असतो, तो डॉक्टरांकडून घ्या, पोटात जंताचे गोळे असले तर एकदम मेल्यावर आतडं तुंबू शकतं. पुढच्या पारडाला मात्र 10व्या ते 15व्या दिवशीच पहिला डोस द्या, हगवण लागायची वाट बघू नका. जंत साधारण तीन आठवड्यांत मोठे होऊन अंडी घालायला लागतात, एकेक मादी रोज हजारोंनी, आणि ती अंडी गोठ्याच्या मातीत महिनोन् महिने टिकतात. त्याआधी मारलं की पारडू वाचतं आणि गोठाही. नंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एक डोस.

रेडकाचं प्रकरण वेगळं दिसतंय. रक्त, आव आणि कुंथणं असेल तर कॉक्सीडियाचा संशय घ्यायचा, तो जंत नाहीच, डोळ्याला न दिसणारा जीव आहे, म्हणून जंताच्या औषधानं फरक पडला नाही. त्याला सल्फा किंवा अँप्रोलियम लागतं. ताजं शेण डबीत घेऊन जनावरांच्या दवाखान्यात तपासायला द्या. रेडकू वेगळं, कोरड्या जागेत बांधा, हे ओल्या-घाण गोठ्यातून पसरतं.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. जार (व्यायल्यावर पडणारी वार) पडेपर्यंत चीक पाजायचा नाही ही पद्धत तुमच्याकडं असेल तर सोडा. जार पडायला आठ-दहा तास लागले तर तोवर पारडू उपाशी, आणि चिकातली रोगाशी लढायची ताकद आतड्यात शोषायची वेळ निघून जाते. जन्मल्यावर तासा-दोन तासांत पहिला चीक गेलाच पाहिजे, 25-30 किलोच्या पारडाला दिवसभरात अडीच-तीन लिटर. खरवस उरलेल्या चिकाचा करा.