अडखळणारा राजा आणि 'आम्ही, भारताचे लोक'

"बोलताना अडतं, मग मोठ्या जागेवर बसायचं कसं?" समुपदेशन करताना महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. कधी बारावीतल्या मुलाची आई विचारते, कधी तोंडी परीक्षेच्या धास्तीनं झोप उडालेली इंजिनिअरिंगची मुलगी. म्हणून एका सरांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सर नोव्हेंबरात आले. माध्यमिक शाळेत बावीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. मुख्याध्यापक डिसेंबरअखेर निवृत्त होणार होते आणि ज्येष्ठता यादीत पुढचं नाव सरांचं होतं. त्यांच्या शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद होता, पदोन्नती नको असल्याचा अर्ज.

"वर्गात निभावतं, मॅडम. एक शब्द अडला की दुसरा घेतो. 'भूभाग' निघेना तर 'प्रदेश'. पोरांना कळतसुद्धा नाही. पण सव्वीस जानेवारीला आमच्याकडे उद्देशिका मुख्याध्यापकच वाचतात. 'आम्ही' होतं. पुढचा भ..." जबडा आवळला गेला, बोटं खुर्चीच्या दांडीवर आपटत राहिली. मी शब्द पुरवला नाही, वाट पाहिली. "...भारताचे. तो बदलता येत नाही ना. संविधान आहे ते."

पहिल्याच भेटीत त्यांना वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. उच्चाराचं काम त्यांचं, भीतीचं माझं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी, म्हणजे प्रसंगापेक्षा त्याबद्दलचा आपला हट्टी विचार जास्त त्रास देतो असं मानणारी. शब्द अडणं त्रासाचं आहे, नकोसं आहे, हे मला मान्य. पण 'चारचौघांत अडताच कामा नये' यातला जो 'च' आहे ना, तो माणसाला अडण्याहून जास्त छळतो.

सर इतिहासाचे, म्हणून तिसऱ्या भेटीत मी इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज काढला. घरचं नाव बर्टी, जन्म १८९५ चा. मुळात डावखुरा, पण उजव्या हातानं लिहायला लावलेला, गुडघे सरळ व्हावेत म्हणून पायांना पट्ट्या बांधलेला. आठव्या वर्षाच्या सुमारास बोलणं अडखळू लागलं. ३१ ऑक्टोबर १९२५ रोजी वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनाच्या समारोपात ध्वनिक्षेपकासमोर त्याची फार बिकट अवस्था झाली. पुढच्या वर्षी १९ ऑक्टोबरला तो लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियन माणसाकडे गेला. लोग डॉक्टर नव्हता. वक्तृत्व शिकवायचा, पहिल्या महायुद्धात वाचा गेलेल्या सैनिकांना त्यानं बोलतं केलं होतं. राजपुत्रानं स्वतः दवाखान्यात यायचं, हा त्याचा आग्रह होता. ते मला फार पटतं. सरांनीही 'फोनवरच बोलूया का' विचारलं होतं, मी नाही म्हटलं. राजपुत्रानं चौदा महिन्यांत ८२ भेटी घेतल्या, रोजचा श्वासाचा सराव वेगळाच. मधेच, मे १९२७ मध्ये, ऑस्ट्रेलियात कॅनबेराला तिथल्या संसदेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन केलं आणि भाषण नीट पार पाडलं.

"पण राजा व्हायचं नव्हतं त्याला," सर म्हणाले. धाकट्या मुलावर डिसेंबर १९३६ मध्ये थोरल्या भावाच्या पदत्यागानं गादी येऊन पडली, हे त्यांना पाठ होतं. "त्याला अर्ज करता आला नाही."

"आणि दोनच दिवसांनी कँटरबरीच्या आर्चबिशपांनी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूंनी, रेडिओवरून त्याच्या अडखळण्याचा उल्लेख केला. साऱ्या जगानं ऐकलं."

सर गप्प झाले. पुढच्या भेटीत मात्र गोष्ट हलली, आणि ती त्यांच्याच विषयानं हलवली.

"सर, इंग्लंडच्या संसदेत राजा अभिभाषण वाचतो. लिहितं कोण?"

"मंत्रिमंडळ. आपल्या राज्यपालांचंही तसंच. कलम १७६. वाचतात राज्यपाल, पण धोरण सरकारचं." हे वाक्य सलग आलं. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"राज्यपाल वाचताना अडखळले तर अर्थसंकल्प पडतो का?"

ते हसले. "कसा पडेल? सत्ता कुठे त्यांच्या..." आणि तिथे ते थांबले. या वेळी शब्द अडला नव्हता. टेबलावरच्या उद्देशिकेच्या प्रतीकडे पाहत बराच वेळ बसून राहिले. मग सावकाश म्हणाले, "हे वाक्य माझं नाहीच, मॅडम. 'आम्ही' आहे. मी तो 'मी' म्हणून वाचत होतो. बावीस वर्षं पोरांना शिकवतोय, 'मी' नाही, 'आम्ही'."

इतक्या वर्षांत असे क्षण मोजकेच आले. मी काही शिकवलं नाही, फक्त प्रश्न योग्य जागी ठेवला, आणि त्याचं समाधान मला आजही आहे.

त्या दिवसापासून मीही या राजाकडे वेगळ्या नजरेनं पाहते. आपण त्याच्या जिद्दीचं कौतुक करतो, ते योग्यच. पण तो राजा म्हणून टिकला त्याला आणखी एक कारण आहे. त्याच काळात जर्मनी आणि इटलीत सगळी सत्ता एकेका माणसाच्या हाती होती आणि ती माणसं सभा गाजवून वर आली होती. इंग्लंडमध्ये सत्ता संसदेकडे होती. राजाचा सल्ला विचारला जावा, त्यानं हुरूप द्यावा, सावध करावं, एवढाच त्याचा अधिकार, असं वॉल्टर बॅजट या इंग्रज लेखकानं १८६७ मध्येच लिहून ठेवलं होतं. अशा व्यवस्थेत राजा अडखळला म्हणून राज्य अडत नाही. ३ सप्टेंबर १९३९ च्या संध्याकाळी युद्धाची बातमी घेऊन तो मायक्रोफोनसमोर उभा राहिला. जेमतेम चारशे शब्दांचं भाषण. समोर लोग होता, कागदावर कुठे थांबायचं त्याच्या खुणा होत्या. आजही ते ध्वनिमुद्रण ऐका. थांबे लांब आहेत, पण ते प्रसंगाला शोभतात.

सरांना आणखी एक गोष्ट फार भावली. स्वातंत्र्यानंतरही २६ जानेवारी १९५० पर्यंत कागदोपत्री हाच आपला राजा होता. त्याच्या नावाची जागा ज्या वाक्यानं घेतली, तेच वाक्य त्यांना वाचायचं होतं.

मग आम्ही कामाला लागलो. पेन्सिलीनं उद्देशिकेवर उभ्या रेघा मारल्या, थांबायच्या जागी. 'भारताचे'च्या आधी दोन रेघा. आणि मी एक गृहपाठ दिला, तो त्यांना अजिबात आवडला नाही. रोज एकदा, किराणा दुकानात किंवा एसटी स्टँडवर, सोपा शब्द न शोधता अडणारा शब्दच बोलायचा आणि अडला तर तिथेच थांबायचं. चौथ्या दिवशी म्हणाले, "भेंडीच मागितली. भाजीवाल्यानं वाट बघितली आणि दिली." लपवण्यात जाणारी सगळी ताकद यातून मोकळी होते. अर्ज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्यासमोरच फाडला.

पालकांनो, तुमच्यासाठी थोडं. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकजण अडखळत बोलतो, लहान मुलांत प्रमाण त्याहून बरंच जास्त असतं आणि त्यातली बहुतेक वयाबरोबर मोकळी होतात. तरी सहा महिने उलटले, किंवा मूल बोलणंच टाळू लागलं, तर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा. हे भित्रेपणाचं किंवा कमी बुद्धीचं लक्षण नाही. आनुवंशिकता आणि मेंदूची जडणघडण यांचा त्यात मोठा भाग असतो. "हळू बोल, श्वास घे" असं सारखं सांगू नका. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. पाहुण्यांसमोर कविता म्हणायला लावू नका, आणि तो स्वतःहून म्हणायला उभा राहिला तर "राहू दे" म्हणून बसवूही नका. त्याच्या डोळ्यांकडे बघा आणि काय सांगतोय ते ऐका. मोठ्या माणसांनाही माझं हेच सांगणं आहे की, पद नाकारण्याआधी त्या पदाचं खरं काम काय, ते नीट पाहा. त्यात अस्खलित बोलण्याची अट आपणच घातलेली असते.

सव्वीस जानेवारीला दुपारी सरांचा फोन आला.

"मॅडम, झालं. दोनदा अडलो."

"'भारताचे'ला?"

"नाही हो. तिथे थांबलो आणि निघालं. 'उपासना'ला अडलो. सरावात एकदाही अडलं नव्हतं ते." मागे मुलांचा गोंगाट चालू होता. "थांबा हं जरा, पोरांना जिलेबी वाटायचीय."