आठही चिपा बदलू नका, आधी उणे पाच मोजा

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातला चहा खाली ठेवला. ऐरोलीतलं काकांचं घर रिकामं करताना माळ्यावर स्पेक्ट्रम प्लस सापडला, सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर. टीव्हीला जोडल्यावर सिंक्लेअरची ओळ यायच्या जागी रंगीत चौकोन येतात. दुकानदार म्हणाला, “रॅम गेलीय, आठही चिपा बदला.” आणि तुम्ही विचारताय, बदलू का?

नका बदलू. निदान आज तरी नका.

आधीच सांगून टाकतो, मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो नाही. उभं आयुष्य वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये गेलं. सोल्डरिंग हातात धरलं ते पन्नाशीनंतर. त्यामुळे खाली कुणा जाणकाराला चूक दिसली तर त्यांचं ऐका, माझं नको. पण नेमक्या या एका बाबतीत माझी फी भरून झालीय.

माझा स्पेक्ट्रम प्लस मावसभावाचा. १९८५ साली तो लंडनहून घेऊन आला, चार वर्षं खेळला, मग अमेरिकेला गेला आणि मशीन आमच्या पाचपाखाडीच्या घरात दिवाणात पडून राहिलं. निवृत्तीनंतर काढलं, लावलं, तर तुमच्यासारखेच चौकोन. बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठला. दुकानाचं नाव सांगणार नाही, कारण निम्मी चूक माझीच होती. त्यांनी ७८०५ च्या, म्हणजे ५ व्होल्ट बनवणाऱ्या रेग्युलेटरच्या, पायावर मीटर टेकवला, ५ व्होल्ट आले, “सप्लाय ओके, रॅम गेली” असं म्हणून बोर्ड परत दिला. दीड मिनिटाचं काम.

मी घरी येऊन स्वतः पुन्हा मोजलं. तेच तर दुःख आहे. मोजलंच नसतं तर अडाणीपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण मी मोजलं, ५.०२ आले, मान डोलावली आणि चिपा शोधायला लागलो.

आता मुद्द्याचं. तुमच्या मशीनमध्ये दोन वेगळ्या रॅम आहेत. वरची ३२ के (म्हणजे किलोबाइट) आणि खालची १६ के. (वरच्या ३२ केसाठी सिंक्लेअरने ६४ केच्या अर्ध्या खराब निघालेल्या चिपा स्वस्तात घेतल्या आणि त्यांचा चांगला अर्धा भाग वापरला. असा हिशेब करणाऱ्या माणसाबद्दल मला अकाउंटंट म्हणून आदर आहे.) मरते ती बहुतेक वेळा खालची. तिथे ४११६ जातीच्या आठ चिपा असतात आणि त्यांना एक नाही, तीन व्होल्टेज लागतात: +५, +१२ आणि −५. अडॅप्टरमधून येतात फक्त ९. त्यातले ५ बनवतो ७८०५. बाकीचे दोन बनवते टीआर४ हा ट्रान्झिस्टर आणि शेजारची तारेची गुंडाळी (कॉइल), म्हणजे एक छोटंसं वेगळं सर्किट. ७८०५ ठणठणीत असला तरी हे सर्किट मेलेलं असू शकतं. दुकानदाराने मोजलं ते पहिलं, आणि मीही तेच मोजलं.

यातली मेख −५ मध्ये आहे. ते व्होल्टेज काम असं काही करत नाही, ते चिपच्या तळाला वेसण घालून ठेवतं. वेसण सुटली आणि १२ चालू राहिले की चिप आतून भलतीकडे करंट ओढते, तापते आणि मरते. म्हणून नियम असा की −५ सगळ्यात आधी यावं आणि सगळ्यात शेवटी जावं. माझ्या बोर्डावर त्या −५ च्या वाटेवरच्या एका रेझिस्टरचा पाय ड्राय सोल्डर झाला होता, म्हणजे सोल्डरचा जोड आतून सुटला होता. वरून पाहिलं तर चकचकीत, पण टेबलाला धक्का लागला की व्होल्टेज यायचं, दुसऱ्या धक्क्याला जायचं.

हे मला कधी कळलं ते ऐका.

चिपा परदेशातून मागवल्या, कारण इथे मिळाल्या त्या घासून नवा नंबर छापलेल्या निघाल्या. पार्सल आलं आणि एका कचेरीत अडकलं. कचेरीचंही नाव नको. तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा साहेब जेवायला गेलेले. दुसऱ्यांदा मी बिलाची प्रिंट आणली होती, पण त्यांना सही केलेली प्रत हवी होती. सही कुणाची, तर पाठवणाऱ्याची, आणि तो बसलाय इंग्लंडमध्ये. तिसऱ्यांदा एक बरे गृहस्थ भेटले.

“यात काय आहे?”

“मेमरी.”

“किती जीबी?”

“सोळा के.”

“सोळा हजार जीबी?”

मी म्हटलं, अहो, तुमच्या फोनमधला एक फोटो ठेवायचा तरी असल्या हजारो चिपा लागतील. ते माझ्याकडे बघत राहिले, मग ड्यूटीचा आकडा लिहिला. चिपांच्या किमतीपेक्षा ड्यूटी आणि रेल्वेभाडं मिळून जास्त झालं. (तुम्ही मागवणार असाल तर सुटे भाग मागवा, अख्खं जुनं मशीन नको. वापरलेला कॉम्प्युटर आयात करायला परवाना लागतो. घरगुती वस्तू म्हणून सुटेल, या भरवशावर राहू नका. आणि पाठवणाऱ्याकडून सही केलेलं बिल पार्सलच्या आतही ठेवून घ्या आणि बाहेरही चिकटवून घ्या.)

तर सात आठवड्यांनी चिपा हातात आल्या. जुन्या काढल्या, नव्या थेट बोर्डावर सोल्डर केल्या. आयसी बेस, म्हणजे चिप खोचायच्या खोबण्या, लावले नाहीत, कारण म्हटलं, नव्या आहेत, पुन्हा कशाला काढायच्यात? संध्याकाळी चालू केलं आणि पांढऱ्या पडद्यावर खाली ती ओळ उमटली, © १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. बायकोला हाक मारली. दुसऱ्या दिवशी मामलेदारची मिसळ झाली, मावसभावाला व्हिडिओ कॉल झाला. त्याने पलीकडून “पाल गेली नाही ना रे आत?” एवढंच विचारलं.

चौथ्या दिवशी पुन्हा चौकोन.

चिपांवर बोट ठेवलं तर दोन इतक्या गरम की बोट उचलावं लागलं. मी काय म्हटलं असेल? “जुन्या चिपा, गरम होतातच.” आणि आणखी अर्धा तास चालू ठेवून पाहिलं! त्या अर्ध्या तासात आणखी तीन गेल्या असाव्यात. शेवटी वैतागून सर्किटचा कागद समोर घेतला, एकेक पाय मोजत गेलो आणि पाय क्रमांक १ वर शून्य. टेबलावर कोपर टेकलं, −४.९. कोपर उचललं, शून्य. मी बराच वेळ कोपर टेकवत आणि उचलत बसलो होतो, लहान मुलासारखा.

आठ चिपा गेल्या, शिवाय दुसऱ्यांदा काढताना पाच ठिकाणी प्रिंट (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा) उखडली. आज त्या बोर्डाला खालून इतक्या वायरी आहेत की बघणाऱ्याला वाटेल रबरबँड गुंतलेत. मशीन चालतं, पण मूळ बोर्ड म्हणून त्याची किंमत गेली. संग्रह करणारे मला हसतात, हसू देत.

म्हणून तुम्ही काय करायचं? कुठलीही चिप न काढता, मशीन चालू असताना, आठांपैकी कुठल्याही एका ४११६ वर मोजा. खाच वर धरली की डावीकडचा सगळ्यात वरचा पाय क्रमांक १. तिथे −५ हवं. डावीकडचा सगळ्यात खालचा पाय ८, तिथे १२. त्याच्या समोरचा उजवीकडचा पाय ९, तिथे ५. काळी वायर पाय १६ ला, तो उजवीकडे सगळ्यात वर. आणि कृपा करून मीटरची टोकं घसरू देऊ नका. पाय ८ वरून घसरून ७ ला लागलात तर १२ व्होल्ट भलत्या ठिकाणी जातील आणि नसलेला बिघाड तुम्ही स्वतः करून बसाल. टोकांवर फक्त एक मिलिमीटर उघडं ठेवून बाकीच्यावर टेप गुंडाळा. मोजताना बोर्डाला पेनाच्या मागच्या बाजूने हलकेच टकटक करा. माझ्यासारखा आकडा उडतोय का पाहा. −५ नसेल किंवा उडत असेल तर लगेच बंद करा. “अजून एकदा बघू” म्हणून चालू करू नका.

तिन्ही व्होल्टेजं घट्ट असतील तरच रॅमचा विचार करा. तेव्हाही आठही सरसकट नकोत. पाच मिनिटं चालवून बोट फिरवा, एखादीच जास्त तापत असेल तर तीच गुन्हेगार असते. नेहमी नाही, पण बऱ्याचदा. मेलेली चिप काढताना अख्खी उपसू नका. पाय कटरने कापा, धड बाजूला टाका आणि एकेक पाय चिमट्याने काढा. चिप तशीही मेलीच आहे, प्रिंट वाचवा. भोकातलं सोल्डर सकरने (सोल्डर ओढणाऱ्या पंपाने) थेट ओढण्यापेक्षा आधी थोडं नवं सोल्डर भरून मग ओढलं तर छान निघतं. आणि बेस लावा. दहा-पंधरा रुपयांचा बेस न लावण्याची किंमत मी वर सांगितलीच आहे.

(४११६ ऐवजी ४१६४ वापरता येते, तिला फक्त ५ व्होल्ट लागतात. पण पायांची मांडणी वेगळी आहे, सरळ खोचलीत तर ५ वाल्या पायात १२ जातील. आणि −५ चा प्रश्न सुटला म्हणून १२ कडे दुर्लक्ष करू नका, रंग तयार करणारी चिप त्यावरच चालते.)

अडॅप्टरचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून धास्ती वाटते. काकांचा मूळ काळा ठोकळा असेल तर उत्तम, तोच वापरा. मशीनला न जोडता मोजलात आणि १२-१३ व्होल्ट दिसले तर घाबरू नका, तो तसाच असतो, भार पडला की उतरतो. पण तो हरवला म्हणून स्टेशन रोडवरून ९ व्होल्टचा कुठलाही अडॅप्टर आणला असेल तर थांबा. स्पेक्ट्रमच्या पिनमध्ये आतली बाजू ऋण असते. बाजारातले बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे, आतली बाजू धन. उलटा लावलात तर टीआर४ वर पाणी सोडा. गिटारच्या पेडलचे अडॅप्टर मात्र स्पेक्ट्रमसारखेच असतात, आत ऋण. दीड अँपियरच्या आसपासचा घ्या, पण विकत घेण्याआधी मीटर लावूनच. माझ्या सांगण्यावर नको.

चालू असताना मशीनच्या मागच्या जोडणीच्या पट्टीतून काहीही काढू-घालू नका. त्यानेही टीआर४ जातो.

थोडं आगाऊ बोलतो. दुसरं मशीन घेऊ नका. एक आलं की दुसरं येतंच, मग कमोडोर, मग कुणीतरी सांगतं की अमुक शाळेच्या भंगारात बीबीसी मायक्रो आहे (दोन्ही त्याच काळातले कॉम्प्युटर). १९८४-८५ मध्ये सरकारी योजनेतून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो वाटले होते, त्यामुळे अधूनमधून निघतात. मीही एक आणला. त्याचा किस्सा एवढाच: चालू केला, वीस मिनिटांत पॉवर सप्लायमधून पांढरा धूर, घरभर सडलेल्या माशासारखा वास, आणि बायको सोसायटीच्या जिन्यात. आतले दोन पिवळट पारदर्शक कॅपॅसिटर कागदाचे असतात. वरचं आवरण तडकतं, हवेतला ओलावा आत शिरतो. ठाण्याच्या चार महिन्यांच्या पावसात त्यांचं काय होत असेल, विचार करा. असं मशीन आलंच तर ते दोन बदलल्याशिवाय प्लग लावू नका. ते २३० व्होल्टच्या बाजूला असतात. सराव नसेल तर टीव्ही मेकॅनिककडून करून घ्या, यात लाजण्यासारखं काही नाही.

ठेवायचं कसं, तर प्लास्टिकच्या पेटीत सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या टाकून. त्या पावसाळ्यात दर महिन्याला कोरड्या करायच्या. माळ्यावर नको. कीबोर्डच्या आतली पातळ पडदी वाळून तुटली असेल तर नवी मिळते. तो शेवटचा खर्च आहे, आत्ता करू नका.

एक गोष्ट मात्र मशीनच्याही आधी करा. तुम्ही लिहिलंय की डब्यात काकांच्या अक्षरातल्या सात-आठ कॅसेट आहेत. मशीन आज नाही तर सहा महिन्यांनी होईल, त्याचे भाग जगात मिळतात. काकांनी स्वतः टाइप केलेला प्रोग्राम मिळणार नाही. कॅसेट उजेडाकडे धरा. फितीच्या कडेला पांढरट बुरशी दिसली तर वाजवू नका, फीत चिकटून तुटते आणि हेडही खराब होतं. अशा कॅसेट वेगळ्या काढून ठेवा. स्वच्छ असतील त्या चांगल्या डेकवर वाजवून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून घ्या, वेव्ह फाइलमध्ये. एमपी३ मध्ये नको, तो आवाज चुरगळतो आणि स्पेक्ट्रमला त्याच बारीक फरकातून शून्य आणि एक ओळखायचे असतात. पुढे मशीन दुरुस्त झालं की तीच फाइल मोबाइलवरून मशीनच्या ‘इअर’ लिहिलेल्या भोकात (कॅसेटचा आवाज आत घेणाऱ्या) वायरने सोडता येते, आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून. पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी पट्टे येतील, मग निळे-पिवळे. ते आले की समजा वाचतोय.

तिन्ही आकडे मोजलेत की इथेच लिहा: पाय १, पाय ८, पाय ९. रविवारी सकाळी मी घरीच असतो.